सांगून जाणारी पारबताबाई

पारबताबाईइतक्या चोरपावलांनी घराबाहेर पडणं आमच्या गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. आणि शेवटच्या वर्षात तीच बाई, साधं बोरिंगवर पाण्याला जायचं असलं तरी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून निघायची. ही एकच बाई, हे नवीन माणसाला पटलंच नसतं. मध्ये काय झालं ते मी पाहिलंय, आणि त्यात माझी चूक अगदीच नाही असंही नाही, म्हणून लिहायला बसले.

मी अंगणवाडीची सेविका, ती माझी मदतनीस. कागदावर असंच आहे. प्रत्यक्षात कोण कुणाची मदतनीस होतं ते विचारू नका. चौदा वर्षं मी रजिस्टरं भरली आणि तिनं लेकरं सांभाळली. गाव मोहर्लीच्या अलीकडचं, जंगलाला खेटून. शेवटच्या घराचं कुंपण संपलं की झाडंच सुरू होतात. मी मूळची गोंडपिपरीची, लग्न होऊन इथं आले. पहिल्या दिवशी मी टेबलावर रुमाल अंथरून ऐटीत हजेरी घेतली, तेव्हा ही दारात उकिडवी बसून चपला मोजत होती.

"बाई, तुह्या वहीत एकवीस आहेत. दारात बावीस जोड आहेत. एखादं कुठीतरी झोपून राह्यलं, पाह्य."

मला राग आला. पण तांदळाच्या पोत्यामागून एक कार्टं निघालंच. पुढची चौदा वर्षं असंच चाललं. माझी वही चुकायची, तिच्या चपला चुकायच्या नाहीत. कुणाची पट्टी तुटली, कुणी थोरल्या भावाच्या घालून आलं, कुणाच्या घरी आज भांडण झालंय म्हणून पोर अनवाणी पाठवलंय, हे सगळं ती दारातच वाचायची.

उंच, हाडकुळी, पायाच्या भेगांत माती भरलेली. तोंडात सदा गुडाखू, दातांना घासायची तंबाखूची ती काळी पेस्ट. त्यावरून आमच्या पर्यवेक्षिका तिला दर खेपेला झापायच्या आणि ही शांतपणे म्हणायची, "म्याडम, हे सोडलं तं मले राग येते. मंग लेकराईवर काढू का?" पर्यवेक्षिका मग माझं रजिस्टर मागायच्या. खिचडी ती चाखायची नाही, नुसती वासावर मीठ सांगायची. नवरा केव्हाच वारलेला. एक मुलगा वरोऱ्याकडं कुठं कामाला, येऊन-जाऊन असायचा, बहुतेक जाऊनच.

तिची खरी करामत दुपारची. खिचडी पोटात गेली की लहानी पोरं पेंगायला लागतात, पण झोपत नाहीत, भांडतात. पारबताबाई त्यांना ओळीनं सतरंजीवर पाडायची आणि मधोमध बसून दोन्ही हातांनी दोन पाठी थापटायची. गाणं तिला येत नव्हतं. गळा असा की गायली असती तर कुत्री भुंकली असती. ती एसटीचे थांबे म्हणायची. "चंद्रपूर. बल्लारशा. कोठारी. आक्सापूर. गोंडपिपरी." कंडक्टरच्या कंटाळलेल्या सुरात, एकेक थांबा लांबवून. सुरुवातीला मला चिडवायला म्हणून काढलं होतं तिनं ते. "तुह्या माहेराच्या गाडीत मोठा गुण आहे, बाई. एक पोट्टं कोठारीच्या पुढं जागं राहत नाई." ती स्वतः त्या रस्त्यानं बल्लारशाच्या पुढं कधी गेलेली नव्हती.

आता चोरपावलांचं सांगते. मार्च सरता सरता आमच्याकडं मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात, आणि उजाडेपर्यंत थांबलात तर हरणं, गुरं तुमच्याआधी पोचतात. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. घरात झोपलेलं लेकरू उठलं तर मागं लागतं, रडतं, दारापर्यंत धावतं. त्यावरचा इलाज पारबताबाईकडं होता. अंगावरचं लुगडं घ्यायचं, दोन दिवस नेसलेलं, धुतलेलं नाही. मधे उशी घालून ते लांबलचक गुंडाळायचं आणि आपल्या जागी लेकराच्या कुशीला लावून ठेवायचं. पदराचं टोक त्याच्या मुठीत द्यायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून फडक्यानं बांधायच्या. दाराच्या बिजागरीला आदल्या सांजेलाच तेल सोडायचं. लेकराचा श्वास जसा येतो-जातो तसतसं उठायचं.

"लेकराले वास पायजे," ती हसत म्हणायची. "वास असला म्हणजे माय नसली तरी चालते."

हंगामात ती घरोघर जाऊन नव्या आयांना हे करून दाखवायची. गावातली दोन पिढ्यांची लेकरं त्या लुगड्यांना बिलगून झोपली असतील. मीही केलंय. माझा नितीन दीड वर्षाचा असताना मला ट्रेनिंगला चंद्रपूरला जायचं होतं. पारबताबाईनं माझं पातळ गुंडाळून दिलं आणि मी सटकले. संध्याकाळी परतले तर तो त्या पातळावरच झोपलेला. गालावर रडण्याचे ओघळ वाळले होते, ते मी पाहिले आणि पुसून टाकले. स्वतःला किती हुशार समजले होते मी त्या दिवशी.

मनीषा आमच्या गावात नवीन लग्न होऊन आलेली, बावीस-तेवीसची. तिचा नवरा रोशन जिप्सी चालवतो. शहरातल्या लोकांना वाघ दाखवायला साडेचारला घर सोडतो. त्यांची आरोही, आम्ही आरू म्हणतो, तेव्हा नुकती दोन वर्षांची झाली होती. मनीषा अंगणवाडीत आली नि म्हणाली, "पारबतामावशी, मी उठलो का ही पोट्टी उठते. मोह कसा येचू?" पारबताबाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेली आणि लुगडं गुंडाळून, पदर कसा द्यायचा ते दाखवून आली. जाताना मला म्हणाली, "चाल, तूही पाह्य." मी गेले होते.

दुसऱ्या दिवशी मनीषा मोहाखालून परत आली नाही. वाघानं नेलं. त्या सकाळचं जंगलातलं मी काही लिहिणार नाही. मला घरातलं सांगायचंय, जे रोशनच्या मायनं मला मागाहून सांगितलं. आरू उठली तेव्हा उन्ह अंगणात आलं होतं. मुठीत पदर तसाच. तिनं लुगड्याला थापटलं. मग हलवलं. मग उशी बाहेर आली. तेव्हा ती बसली आणि ते लुगडं उलगडायला लागली, वेढ्यामागून वेढा, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आत पाहत राहिली. म्हातारी चुलीपाशी बसून हसत होती, पोट्टी मायले धुंडून राह्यली म्हणून. त्यानंतर थोड्या वेळानं गावात ओरडा झाला.

तेव्हापासून आरूची झोप गेली. डोळे मिटायला आले की अंगावर पाणी पडल्यागत दचकून बसायची. कुणी मांडीवर घेऊन झोपवलीच तर पहाटे चारच्या सुमाराला उठून असा आकांत करायची की शेजारपाजारचे दिवे लागायचे. पांघरूण घातलं की फेकून द्यायची. डोळ्यांखाली काळं झालं. खाणं सुटलं. माझ्या वाढीच्या तक्त्यावर तिची रेघ महिन्याभरात हिरव्यातून कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात गेली, आणि मी त्या रेघेकडं पाहत बसायचे.

उपाय सगळ्यांनी केले. मीठ-मिरची ओवाळून झाली, अंगारा झाला, गळ्यात काळा दोरा आला. रोशन माझ्याकडं झोपेचं औषध मागायला आला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, आणि त्यानं कुठूनतरी खोकल्याची बाटली आणून पाजलीच. मी मोठी शहाणी, ट्रेनिंगमधलं झोपेचं वेळापत्रक काढून त्यांच्या भिंतीवर चिकटवून आले. आठला जेवण, साडेआठला गोष्ट, नऊला झोप. रोशनची माय म्हणाली, "हे कागद पोट्टीले वाचता येते का?"

रोशन गाडीवर दोनदा पेंगला. गाडीत माणसं, समोर नाला. मालकानं शेवटचं सांगितलं. त्याची बहीण बल्लारशाला असते, तिला मूलबाळ नाही. ती म्हणाली, मृगाच्या आत मी आरूला घेऊन जाते, कायमची. तिथं ना मोह ना वाघ. रोशन हो म्हणाला. आई गेलेल्या पोरीला बापापासूनही तोडायला तो तयार झाला, कारण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. हातात जेमतेम दोन महिने होते.

तेरवीच्या दिवशी ह्याच बहिणीनं एक चांगलं म्हणून केलं. लेकराला आईची आठवण येत असेल, आईचा वास मिळाला तर झोपेल, म्हणून पेटीतून मनीषाचं लुगडं काढलं, घडी करून आरूच्या शेजारी ठेवलं. आरू भिंतीला पाठ लावून किंचाळायला लागली. ओठ निळे पडले. बायका कुजबुजल्या, माय घ्यायले आली. मी दाराकडं पाहिलं तर पारबताबाई उंबऱ्यावर उभी होती. तिचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. न जेवता निघून गेली. दोन दिवस कामावर आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी आरूचं वजन करायला रोशनच्या घरी गेले होते, तेव्हा पारबताबाई तिथं आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"रोशन, पोरीले बाहेरचं काई लागलं नाई. मनीषाबी येत नाई. थे लुगड्याले भेते."

 रोशनच्या मायनं विचारलं, "म्हणजे?"

"आपण झोपलो का माय जाते, अन् तिच्या जागी फडकं येते, असं तिले वाटते. मंग थे काऊन झोपंल? थे लुगडं मी गुंडाळून देल्लं होतं. मीच मनीषाले शिकवलं."

म्हातारी उठली. मनातलं सगळं दुःख तिनं त्या एका बाईवर काढलं. तूच माझ्या सुनेला जंगलात धाडलं, तूच मारलं, पुन्हा ह्या दारात पाय ठेवू नको. हे खरं नव्हतं. लुगडं नसतं तरी मनीषा मोहाला गेलीच असती, सगळ्या जातात. पण पारबताबाईनं तसं म्हटलं नाही. ऐकून घेतलं आणि निघाली. मीही तिथंच होते त्या संध्याकाळी, मीही शिकवणाऱ्यांत होते. पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हे मला अजून सलतं.

रस्त्यात मी उलट तिलाच बोलले. "कोणी इचारलं होतं तुमाले? कायले सांगाले गेल्या?"

"आरूले मालूम आहे, बाई. तिले बोलता येत नाई, म्हणून मी बोललो." मग बरंच चालून झाल्यावर म्हणाली, "माह्या पोराले मी असंच ठेवून मिरची तोडाले गेलो होतो, तेलंगणात. तीन महिने. थो कधी बोलला नाई. पण थो आता कुठी जाते तं मले सांगत नाई."

घरात जायला तिला बंदी, पण अंगणवाडीत आरू येणारच होती, कारण रोशनला सकाळची फेरी झाल्यावर दोन तास तरी डोळा लागायला हवा होता. तो तिला दारात सोडायचा. ती चौकटीला चिकटून उभी राहायची, आत नाही की बाहेर नाही. पारबताबाई कामाला लागली ती तिथंच, दिवसाढवळ्या. पहिल्यांदा तिनं अंगणवाडीतली सगळी पांघरुणं, चिंध्यांच्या गोधड्या उचलून कपाटात टाकल्या. मग आरूच्या समोर उकिडवी बसून म्हणाली, "आरू, मी पाण्याले चाललो. घागर भरतो अन् येतो." आणि आपली एक चप्पल काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे तुह्यापाशी ठेव. एका पायानं मी कुठी जाईन?"

आणि एका पायात चप्पल घालून ही बाई एप्रिलच्या उन्हात बोरिंगवर गेली. आरू भोकाड पसरून रडली. ती आली, घागर ठेवली, म्हणाली, "आलो. दे माही चप्पल." चप्पल घातली. पाच मिनिटांनी पुन्हा, "आरू, मी लाकडं आणाले चाललो." पुन्हा चप्पल काढली. त्या दिवशी तिनं किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. डाव्या तळव्याला फोड आला. खिचडी लागली, पोरांनी करपट खाल्ली, आणि मी वैतागले.

"एकदाच जाऊन सारं आणा ना."

"एकदाच गेलो तं एकदाच येईन," ती म्हणाली. "तिले लय डाव आलेलं पायजे."

आठवडा गेला, दुसरा गेला. पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. त्या लाभार्थ्यांची यादी विचारताहेत, मी मोबाईलवरचं बंद पडलेलं ॲप चालू करायला धडपडतेय, आणि मधेच पारबताबाई खणखणीत आवाजात म्हणते, "आरू, मी संडासाले जाऊन येतो," आणि एक चप्पल काढून खोलीच्या मधोमध ठेवते. पर्यवेक्षिकांनी नाकाला पदर लावला. "ह्यांना काही रीत आहे की नाही?" मी कान धरून उभी. पण आरू त्या दिवशी रडली नाही. चप्पल मांडीवर घेऊन, दाराकडं डोळे लावून बसली होती, आणि पारबताबाई परत आल्यावर स्वतः पुढं होऊन ती तिच्या पायात घालायला लागली, उलटी.

त्यानंतर चारच दिवसांनी दुपारी ती झोपली. पारबताबाईच्या मांडीशी, पांघरुणाशिवाय, चप्पल छातीशी धरून. चंद्रपूर म्हटलं, बल्लारशा म्हटलं, आणि कोठारी यायच्या आत गेली. पारबताबाई तीन तास हलली नाही. बाकीची पोरं घरी गेली, मी कुलूप घेऊन ताटकळत बसले. शेवटी म्हटलं, आता हळूच उठा.

"नाई," ती म्हणाली. "हळूच आता नाई."

रात्र मात्र तिच्या हातात नव्हती. त्यासाठी तिनं रोशनला अंगणवाडीच्या दारात गाठलं. "पहाटे निघतं तवा तिले उठवून सांगत जाय. चप्पल ठेवून जाय."

"मावशी, महामुश्किलीनं झोपलेल्या पोट्टीले उठवू? बरं आहे ना तुमचं?"

"थे तशीबी उठतेच ना चारले. मंग तू असताना उठू दे."

रोशननं केलं, पण चलाखी केली. चप्पल ठेवली आणि बूट घालून गेला. आरूनं तिसऱ्या दिवशी ते ओळखलं आणि पुन्हा रात्रभर जागी. पारबताबाई त्याच्यावर जी उखडली, गुडाखू थुंकून उखडली. "चप्पल ठेवतं अन् जोडे घालून जातं? इतक्या लहान लेकराले ठगवतं? मी ठगवलं थे पुरलं नाई का?" दुसऱ्या दिवसापासून रोशन एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा अशी जिप्सी चालवायला लागला. मोठ्या मोठ्या कॅमेऱ्यांचे लोक त्याच्या पायाकडं बघायचे. एकानं विचारलंही म्हणे, ही काही श्रद्धा आहे का. तो हो म्हणाला, म्हणजे पुढं विचारणार नाहीत.

त्याच्या मायला पोरीच्या उशाशी चप्पल पाहून आधी किळस आली. मग तिच्या डोक्यात आलं की उशाखाली चप्पल असली की वाईट स्वप्नं जवळ येत नाहीत, हे जुन्या लोकांचंच आहे. मग तिनं स्वतःच ती झटकून नीट ठेवायला सुरुवात केली. पारबताबाईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "तसं नाई थे. पण ठेवू दे."

मृगाच्या दोन दिवस आधी बल्लारशाची बहीण बॅग घेऊन आली. रात्री मुक्कामाला राहिली. पहाटे रोशन उठला, आरूला हलवून म्हणाला, "आरू, मी गाडीवर चाललो. जेवाच्या टायमाले येतो." आरूनं डोळे किलकिले करून हात पुढं केला. त्यानं चप्पल दिली. ती घेऊन तिनं कूस बदलली आणि झोपली ती सात वाजेपर्यंत. बहीण अंधारात बसून ते पाहत होती. सकाळी तिनं बॅगेतून आरूसाठी आणलेले फ्रॉक तेवढे काढून ठेवले आणि दुपारच्या गाडीनं एकटी गेली. त्या दिवशी म्हातारीनं अंगणवाडीत पारबताबाईसाठी भाकरी आणि वाटीभर ठेचा पाठवला. बोलणं मात्र दिवाळीपर्यंत झालं नाही.

आरू बोलायला लागली तशी पारबताबाईनं हिशेब वाढवला. ती सांगायची, "एक डाव झोपजो, मंग मी येतो." पौषात तिचा भाऊ वारला, तिकडं मूल गावाकडं. "आरू, दोन डाव झोपजो." दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी एसटीच आली नाही. ती कुठल्याशा विटांच्या ट्रॅक्टरवर बसून आली, भुवयांपर्यंत लाल धूळ. मी म्हटलं, भाऊ गेलाय, अजून एक दिवस राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? "दोन म्हणलो होतो ना," एवढंच म्हणून ती हातपाय धुवायला गेली. सगळ्यांनाच सांगून जायची सवय तिला ह्याच दिवसांत लागली. कोंबड्यांना सांगायची, चुलीवरच्या डेगीला सांगायची. मला दिवसातून दहादा. मी चिडून म्हणायचे, "मी काई रडून नाई राह्यली, जा." तरी सांगायचीच.

होळीच्या आधी तिचे डोळे पिवळे झाले. पोट दुखतं हे तिनं किती महिने लपवलं होतं कोण जाणे. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. चंद्रपूरला न्या, उशीर करू नका, म्हणाले. बाहेर आले तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. माझ्यासारखीला खोटं बोलता येत नाही हे तिला चौदा वर्षांत कळलं असणार.

रोशननं मालकाची जिप्सी मागून आणली. दुपारची वेळ, खिचडी होऊन पोरं सतरंजीवर झोपलेली. पारबताबाईची गाठोडी गाडीत ठेवली. रोशनची माय आली होती, तिनं हात धरून तिला पायरीवरून उतरवलं. आम्ही सगळ्या एकच सांगत होतो: आरू झोपलीय, हीच वेळ चांगली आहे, आता निघा.

पारबताबाई पायरीवरून परत फिरली. आत गेली. भिंतीला धरून धरून आरूपाशी बसली आणि तिला हलवून उठवलं. जिला झोपवायला तिनं आपला तळवा भाजून घेतला, तिला.

"आरू, मी चाललो. चंद्रपूरले, दवाखान्यात."

आरूनं डोळे चोळले. सवयीनं दोन्ही हात पुढं केले, चपलेसाठी.

पारबताबाईनं पायाकडं पाहिलं.  एक चप्पल काढून देणं किती सोपं होतं. मी तर मनात म्हणत होते, दे ना बाई, दे, काय जातं. पण तिनं दोन्ही पाय चपलांत नीट सारले आणि म्हणाली, "या डाव नाई, आरू. या डाव दोन्ही घालून जातो."

आरूला ते कळायला वेळ लागला. ती रडली नाही. हात खाली घेतले आणि विचारलं, "मंग मी किती डाव झोपू?"

"मले मालूम नाई, माय," पारबताबाई म्हणाली. तिनं आरूच्या पाठीवर एकदा थापटलं आणि उठली.

गाडीत ती पुढं रोशनच्या शेजारी बसली. हात केला नाही, मागं वळून पाहिलं नाही. पिवळी पडलेली मान, अंबाड्याला माझीच एक पिन, आणि पुढं केलेले दोन पाय, दोन्हींत चपला. नाल्याच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली. मला तिची शेवटची आठवण तीच. आठ दिवसांनी तिला पांढऱ्या कापडात परत आणलं तेव्हा मी पाहायला गेले, पण ते मी धरत नाही.

गाडी गेल्यावर मी डोळे पुसत आत आले. वाटलं होतं, आरू चौकटीला चिकटून उभी असेल, आता पुन्हा तेच सगळं. ती सतरंजीवर होती. आपल्या जागेवर जाऊन आडवी झाली होती, डोळे घट्ट मिटलेले, पापण्या थरथरत होत्या, तोंडानं पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं. बल्लारशा, कोठारी, आक्सापूर. ती झोपायची घाई करत होती.

संध्याकाळी उठली आणि दाराकडं धावली. चपलांच्या ओळीत पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "एक डाव झोप झाली, बाई. अजून झोपू का?"

मी तिला जवळ घेतलं आणि मला मालूम नाई म्हणून सांगितलं.